ताश्कंदचा शांतिदूत : लालबहादूर शास्त्री

लालबहादूर शास्त्री म्हटले की साधी राहणी आणि जय जवान, जय किसान ही घोषणा चटकन आठवते. पण शांततेसाठी या लहानखुऱ्या माणसाने केवढा मोठा निर्णय घेतला, हे आजच्या पिढीला फारसे ठाऊक नसते.

शास्त्रीजींचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी मुगलसराय येथे झाला. ते जेमतेम दीड वर्षांचे असताना पितृछत्र हरपले. आई रामदुलारीदेवींनी मुलांना माहेरी राहून वाढवले. काशी विद्यापीठाची शास्त्री ही पदवीच पुढे त्यांचे आडनाव बनली. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. १९५६ साली अरियालूरच्या रेल्वे अपघाताची नैतिक जबाबदारी स्वीकारून त्यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले.

९ जून १९६४ रोजी ते पंतप्रधान झाले. शेजाऱ्यांशी बोलून प्रश्न सोडवावेत, हा त्यांचा स्वभाव. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कैरोहून परतताना कराचीला थांबून त्यांनी पाकिस्तानचे अध्यक्ष अयूबखान यांची भेट घेतली. पुढे १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या, तेव्हा ब्रिटनच्या मध्यस्थीने ३० जूनला समझोता करून त्यांनी तो वाद लवादाकडे सोपवण्यास मान्यता दिली.

परंतु ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर शिरले आणि शास्त्रीजींनी खंबीर पवित्रा घेतला. संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. २८ ऑगस्टला आपल्या जवानांनी हाजी पीर खिंड जिंकली, ६ सप्टेंबरला लाहोर आघाडी उघडली. २३ सप्टेंबरला युद्ध थांबले, पण दोन्ही सैन्ये एकमेकांच्या भूमीवर ठाण मांडून होती. ठिणगी केव्हाही पडली असती.

अशा वेळी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी दोघांना ताश्कंदला बोलावले. ४ जानेवारी १९६६ पासून बोलणी सुरू झाली. शास्त्रीजींसोबत परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग व यशवंतरावही होते. पाकिस्तानला काश्मीरचा प्रश्न पुढे आणायचा होता, भारताला युद्धबंदीची कायमची हमी हवी होती. बोलणी मोडतात की काय असे वाटत असताना कोसिगिन यांनी दोघांकडे फेऱ्या मारून तोडगा काढला. १० जानेवारीला करार झाला. २५ फेब्रुवारीपर्यंत सैन्ये ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी न्यायची, युद्धकैदी परत करायचे, राजदूतांनी पुन्हा कामावर रुजू व्हायचे आणि वाद शांततेने मिटवायचे, असे ठरले.

म्हणजेच पाकिस्तानने छांब व खेमकरणमधून मागे जायचे आणि रक्त सांडून मिळवलेली हाजी पीर खिंड आपण सोडायची. देशात नाराजी उसळली. केंद्रीय मंत्री महावीर त्यागी यांनी तर राजीनामा दिला. लोक रागावतील याची शास्त्रीजींना कल्पना नव्हती असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी सही केली.

त्याच रात्री, ११ जानेवारीला, हृदयविकाराच्या झटक्याने ताश्कंदमध्येच त्यांचे निधन झाले. चारच महिन्यांपूर्वी ज्यांच्याशी युद्ध झाले, त्या अयूबखानांनी कोसिगिन यांच्यासह त्यांच्या शवपेटीला खांदा दिला. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

१९७१ मध्ये पुन्हा युद्ध झालेच. म्हणून ताश्कंद व्यर्थ ठरले का? सीमेवरच्या जवानाला घरी परतता आले, कैद्यांची सुटका झाली, हे मोल थोडे नाही. लढण्याचा आणि थांबण्याचा, असे दोन्ही निर्णय निर्भयपणे घेणाऱ्या या थोर सुपुत्रास विनम्र अभिवादन!