विश्लेषण : येशूसंघाने नाकारलेला वसईचा तरुण भारताचा पहिला संत कसा ठरला?

धर्मकार्याला आयुष्य वाहायचे, असे वसईत वाढलेल्या एका मुलाने किशोरवयातच मनाशी ठरवले होते. ज्या संघात जायचे होते तिथे प्रवेश मिळाला नाही. पुढे व्यापारात जम बसला, पैसा आला, तरी ती ओढ सुटली नाही. अखेर सगळे सोडून त्यांनी दुसऱ्या संघाचा झगा अंगावर घातला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर जपानमध्ये क्रूसावर प्राण दिले. संत गोन्सालो गार्सिया यांचा हा प्रवास कसा झाला, याविषयी...

वसईशी नाते काय?

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी १५३४ मध्ये झालेल्या तहानंतर वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर जेमतेम दोन दशकांनी, सुमारे १५५६-५७ मध्ये गोन्सालो यांचा जन्म वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. वसईच्या किल्ल्यात येशूसंघाचे (जेजुइट) महाविद्यालय होते. गोन्सालो यांचे शिक्षण तिथेच झाले. या वास्तूंचे अवशेष आजही किल्ल्यात दिसतात.

येशूसंघाचे धर्मगुरू त्या काळात वसईहून गोव्याला, तिथून मलाक्का, मकाव आणि पुढे जपानपर्यंत जात. शाळेत वाढणाऱ्या मुलाच्या कानावर या प्रवासांच्या हकिगती पडत असणारच. सुमारे १५७२ मध्ये जपानला निघालेल्या धर्मगुरूंबरोबर गोन्सालोही गेले. त्या वेळी त्यांचे वय पंधरा-सोळा असावे.

पाचारण म्हणजे काय?

देव आपल्याला विशिष्ट जीवनासाठी बोलावतो, या श्रद्धेला मराठी ख्रिस्ती समाजात ‘पाचारण’ म्हणतात. संसार करणे हेही पाचारणच मानले जाते, पण हा शब्द बहुधा धर्मगुरू, व्रतस्थ ब्रदर किंवा सिस्टर होण्याच्या संदर्भात वापरला जातो. व्रतस्थ व्यक्ती दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेते.

मात्र एखाद्या तरुणाला तसे वाटले, एवढ्याने पाचारण सिद्ध होत नाही. ज्या संघात जायचे, त्या संघालाही तो तरुण या जीवनासाठी योग्य वाटावा लागतो. म्हणजे निर्णय दोन्ही बाजूंनी व्हावा लागतो. गोन्सालो यांचे घोडे अडले ते नेमके इथेच.

येशूसंघात प्रवेश का मिळाला नाही?

जपानमध्ये गोन्सालो यांनी तिथली भाषा लवकर आत्मसात केली. मनमिळाऊ स्वभावामुळे लोकांत मिसळायला त्यांना वेळ लागला नाही. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून काम केले. प्रवचन समजावून सांगणे, नव्याने आलेल्यांना प्रार्थना शिकवणे, युरोपीय धर्मगुरूंसाठी दुभाषी होणे अशी ती कामे होती. पण ते संघाचे सदस्य नव्हते, मदतनीस होते. सदस्य होण्याची त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही.

आशियात जन्मलेल्या, विशेषतः मिश्र वंशाच्या तरुणांना संघात घ्यावे की नाही, याबाबत तेव्हाचे येशूसंघाचे वरिष्ठ साशंक होते. पूर्वेकडील कार्याची पाहणी करणारे अलेस्सांद्रो वालिन्यानो यांचे मत तर याबाबत प्रतिकूलच होते. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज आणि आई भारतीय असल्याने ते याच गटात मोडत. आठ वर्षांच्या सेवेनंतरही दार उघडले नाही, तेव्हा ते तिथून बाहेर पडले.

व्यापारी ते फ्रान्सिस्कन ब्रदर, हे कसे?

गोन्सालो व्यापारात उतरले. जपानी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाला पूर्वेकडच्या बंदरांत चांगलीच मागणी होती. धंदा वाढला, वेगवेगळ्या ठिकाणी शाखा उघडल्या. रूढ अर्थाने त्यांचे आयुष्य मार्गी लागले होते.

व्यापाराच्या निमित्ताने फिलिपिन्समधील मनिला येथे त्यांचे जाणे-येणे होते. तिथे त्यांची फ्रान्सिस्कन संघाशी ओळख झाली. असिसीचे संत फ्रान्सिस हेही कापड व्यापाऱ्याचे पुत्र होते आणि घरची संपत्ती सोडून त्यांनी गरिबीचे व्रत घेतले होते. गोन्सालो यांनीही धंदा आटोपला आणि या संघात ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. ब्रदर हा धर्मगुरू नसतो, तो मिस्सा अर्पण करत नाही. व्रते मात्र तो तीच घेतो. मदतनीस म्हणून ज्या जीवनाच्या उंबरठ्यावर ते अनेक वर्षे थांबले होते, त्यात आता ते सदस्य म्हणून शिरले.

जपानला परत का गेले?

मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे शिष्टमंडळ पाठवायचे होते. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कनांचे हे शिष्टमंडळ निघाले. त्यात जपानी उत्तम जाणणारे गोन्सालो दुभाषी होते. हिदेयोशी यांनी फ्रान्सिस्कनांना क्योतो येथे राहू दिले. तिथे त्यांनी मठ उभारला आणि कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय सुरू केले.

परिस्थिती मात्र नाजूक होती. परदेशी धर्मप्रसारकांनी देश सोडावा, असा हुकूम हिदेयोशी यांनी १५८७ मध्येच काढला होता. त्याची कडक अंमलबजावणी तेवढी होत नव्हती. त्यातच पोर्तुगीजांच्या आश्रयाने काम करणारा येशूसंघ आणि स्पॅनिशांबरोबर आलेले फ्रान्सिस्कन यांच्यात जपानमधील कार्यावरून चुरस होती. ज्यांनी आपल्याला घेतले नाही, त्यांच्याच कार्यक्षेत्रात गोन्सालो आता दुसऱ्या संघाचे ब्रदर म्हणून वावरत होते.

१५९६-९७ मध्ये काय घडले?

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. आधी धर्मप्रसारक येतात आणि मागून स्पेनचे सैन्य येते, अशा अर्थाची फुशारकी जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने मारली, असे सांगतात. त्या कथेविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. हिदेयोशी यांचा संशय मात्र बळावला, हे खरे. ८ डिसेंबर १५९६ रोजी मठावर पहारा बसला आणि काही दिवसांत अटक झाली.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. लोकांना जरब बसावी म्हणून त्यांची धिंड काढली गेली. नंतर ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत आणखी दोघांची भर पडून संख्या २६ झाली. त्यात सहा फ्रान्सिस्कन, येशूसंघाचे तीन जपानी सदस्य आणि १७ प्रापंचिक ख्रिस्ती होते. काही तर कोवळी मुले होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसांवर चढवून भाल्यांनी ठार मारण्यात आले. परंपरेनुसार सर्वांत आधी क्रूसावर चढवले गेले ते गोन्सालो यांना. फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय, दोघांचे क्रूस एकाच रांगेत होते.

भारताचे ‘पहिले संत’ कोण?

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये या २६ रक्तसाक्षींच्या सार्वजनिक भक्तीला मान्यता दिली. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. भारतात जन्मलेल्या व्यक्तीला संतपद मिळाल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना २००८ मध्ये संतपद मिळाले, तेव्हा काही ठिकाणी त्यांचा उल्लेख पहिल्या भारतीय संत असा झाला. वडील पोर्तुगीज असल्याने गोन्सालो यांना भारतीय म्हणावे का, हा प्रश्न त्यामागे होता. मात्र जन्म, आई आणि जडणघडण या तिन्ही बाबतींत ते वसईचेच होते. आज वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि गास येथील चर्चही त्यांनाच समर्पित आहे.

आजच्या तरुणांसाठी प्रक्रिया कशी असते?

आजच्या चर्च कायद्यानुसार १७ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नवदीक्षितांच्या गटात प्रवेश मिळत नाही. दबावाखाली किंवा भीतीपोटी घेतलेला प्रवेश ग्राह्य धरला जात नाही. नवदीक्षेचा काळ किमान १२ महिन्यांचा असतो. त्यानंतरची व्रतेही आधी किमान तीन वर्षे तात्पुरती असतात आणि मगच आजन्म व्रते घेता येतात. या काळात तरुण स्वतःहून परत जाऊ शकतो आणि संघही त्याला थांबवू शकतो.

अशा वेळी घरी परतलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे अपयशी म्हणून पाहिले जाण्याचा धोका असतो. गोन्सालो यांचे आयुष्य पाहिले, तर एका संघाचा नकार हा त्यांच्या पाचारणावरचा निकाल नव्हता. मधली व्यापाराची वर्षेही वाया गेली नाहीत, कारण मनिलाची वाट त्यांना व्यापारानेच दाखवली. आणि मदतनीस म्हणून राबताना शिकलेल्या जपानी भाषेमुळेच त्यांना पुन्हा जपानला जाता आले.