विश्लेषण : टिळकांवरील खटल्यांमुळे राजद्रोहाचे कलम कसे बदलत गेले? रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांचे आयुष्य आणि ‘१२४ अ’

रत्नागिरी : टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान पाहून पर्यटक सहसा थिबा पॅलेसकडे वळतात. या दोन वास्तूंमधला एक योगायोग मात्र अनेकांना ठाऊक नसतो. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी मंडालेहून हलवून रत्नागिरीत स्थानबद्ध केले होते. तो येथे असतानाच, १९०८ मध्ये, याच रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांना शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेच्या तुरुंगात करण्यात आली.

थिबाला हटवण्यासाठी फौज लागली. टिळकांसाठी भारतीय दंड विधानातील एक कलम पुरले, ते म्हणजे १२४ अ, राजद्रोह. १८९७ ते १९१६ या काळात टिळकांवर राजद्रोहाच्या आरोपाखाली तीनदा कारवाई झाली. त्यातून टिळकांच्या आयुष्याला जशी कलाटणी मिळाली, तसा कायद्याचा अर्थही बदलला.

टिळक आणि कायद्याचा संबंध कुठून सुरू झाला?

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. त्यांची बदली झाल्याने १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला गेले. टिळकांनी १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीऐवजी शाळा आणि वृत्तपत्र हा मार्ग निवडला. १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. उत्पन्नासाठी पुढे ते वकिलीच्या परीक्षेचे वर्गही चालवत.

पहिला तुरुंगवास लवकरच वाट्याला आला. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांनी दाखल केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. हा खटला एका व्यक्तीच्या बदनामीचा होता. पुढचे खटले थेट सरकारशी होते.

१८९७ मध्ये नेमके काय घडले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली. कापसाचा व्यापार आणि गिरण्यांमुळे भरभराटीला आलेल्या या शहरातून लोक पळू लागले. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. करोनाकाळात २०२० मध्ये लागू झाला तो हाच कायदा. सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती.

पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर रँड होते. घरे तपासण्यासाठी गोरे सैनिक पाठवण्यात आले. सैनिक स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरतात, सामान रस्त्यावर फेकतात, अशा तक्रारी वाढू लागल्या. टिळकांनी शहर सोडले नाही. रुग्णालय चालवण्यास मदत करतानाच त्यांनी ‘केसरी’तून या पद्धतीवर कडाडून टीका केली. रुग्णांना वेगळे ठेवण्याला त्यांचा विरोध नव्हता. अंमलबजावणीतील अरेरावी आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नसणे, यावर त्यांचा रोख होता.

२२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवातील भाषणाचा वृत्तांत आणि एक कविता छापून आली होती. सरकारने या दोन मजकुरांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. हत्येच्या कटात त्यांचा सहभाग असल्याचा आरोप मात्र खटल्यात नव्हता.

याच काळात पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या विनियमाखाली कोणताही खटला न चालवता अटकेत ठेवण्यात आले. टिळकांना निदान न्यायालयात बोलण्याची संधी मिळाली.

‘अप्रीती’ या शब्दावरून वाद का झाला?

१२४ अ हे कलम १८७० मध्ये दंड विधानात घालण्यात आले. सरकारविषयी अप्रीती निर्माण करणे हा त्यातील गुन्हा. पण अप्रीती म्हणजे काय, हा प्रश्न होता. कृतीची चिथावणी देणे की नुसती नाराजी?

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला या शब्दाचा अतिशय व्यापक अर्थ सांगितला. सरकारविषयी प्रीतीचा अभाव हीसुद्धा अप्रीतीच, असे ते स्पष्टीकरण होते. लिखाणामुळे प्रत्यक्ष दंगा झाला की नाही, हे पाहण्याची गरज त्यात उरली नाही.

ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. सहाही युरोपीयांनी दोषी ठरवले, तिन्ही भारतीयांनी निर्दोष. सहा विरुद्ध तीन अशा या मतविभागणीवर टिळकांना १४ सप्टेंबर १८९७ रोजी १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. मॅक्स म्युलर यांच्यासारख्या विद्वानांनी सुटकेसाठी अर्ज केल्यानंतर सप्टेंबर १८९८ मध्ये त्यांना अटींवर सोडण्यात आले. याच कलमाखाली पुन्हा दोषी ठरल्यास उरलेले सहा महिने भोगावे लागतील, ही त्यातली एक अट.

ते तुरुंगात असतानाच सरकारने कायदा बदलून घेतला. १८९८ च्या दुरुस्तीने १२४ अ मध्ये द्वेष आणि तिरस्कार हे शब्द आले, अप्रीतीत बेइमानी आणि वैरभाव यांचाही समावेश झाला. समाजगटांत वैर पसरवण्याबद्दलचे १५३ अ हे कलमही तेव्हाच जन्माला आले. टिळक बाहेर आले तेव्हा पत्रकाराभोवतीचे कुंपण आणखी आत सरकले होते.

१९०८ च्या खटल्यात टिळकांची अडचण काय होती?

एप्रिल १९०८ मध्ये मुझफ्फरपूर येथे बॉम्ब फुटला आणि दोन इंग्रज महिलांचा बळी गेला. ८ जून रोजी सरकारने स्फोटक पदार्थांविषयीचा आणि वृत्तपत्रांविषयीचा असे दोन कायदे एकाच दिवशी मंजूर केले. चिथावणीखोर मजकूर छापणारा छापखाना जप्त करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला. दुसऱ्याच दिवशी ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख आला. दडपशाहीने बॉम्ब थांबणार नाहीत, लोकांना अधिकार द्यावे लागतील, असा त्याचा आशय होता. म्हणजे कडक कायद्यांवर टीका करणारा लेखच राजद्रोहाचा पुरावा ठरला.

२४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. अर्ज फेटाळणारे न्यायमूर्ती दिनशा दावर यांनीच ११ वर्षांपूर्वी टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता.

टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. भाषण २१ तासांहून अधिक काळ, अनेक दिवस चालले. त्यांचा एक महत्त्वाचा मुद्दा भाषांतराचा होता. लेख मराठीत, वाचक मराठी आणि निर्णय घेणार ती सात युरोपीय व दोन पारशी सदस्यांची ज्युरी. ती विसंबून होती सरकारी इंग्रजी भाषांतरावर. मराठीतला एखादा शब्द इंग्रजीत जाताना अधिक जहाल होतो, हे टिळक उदाहरणे देऊन समजावत राहिले. घरात सापडलेल्या, स्फोटकांवरील दोन पुस्तकांची नावे लिहिलेल्या कार्डाचाही पुरावा पुढे आला. नव्या कायद्यावर लिहिण्यासाठी ती नावे टिपली होती, असा त्यांचा खुलासा होता.

२२ जुलैच्या रात्री निकाल लागला. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होणार होती.

मुंबईत त्याचे पडसाद कसे उमटले?

शिक्षेच्या वर्षांइतकेच, म्हणजे सहा दिवस मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम बंद ठेवले. बाजार बंद झाले, लष्कर रस्त्यावर आले, गोळीबारात माणसे मेली. ज्या शहराच्या सुव्यवस्थेसाठी खटला चालवल्याचे सांगितले जात होते, तेच शहर निकालाने ठप्प झाले. रशियन क्रांतिकारक लेनिन यांनीही या संपाची दखल घेतली.

काळ्या पाण्याच्या शिक्षेचे रूपांतर पुढे साध्या कैदेत झाले आणि टिळकांना मंडालेला ठेवण्यात आले. तिथे त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई यांचे निधन झाले, ती बातमी त्यांना कोठडीतच कळली. जून १९१४ मध्ये सुटका झाली.

मग १९१६ मध्ये टिळक कसे जिंकले?

होमरूल चळवळीसाठी टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगर येथे मराठीत भाषणे केली. २३ जुलै १९१६ रोजी, साठी पूर्ण होत असतानाच, सरकारची नोटीस आली. या वेळी शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीची हमी मागण्यात आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ खाली २० हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीनदार, वर्षभरासाठी. वर्षभर तोंड बंद ठेवण्याचा हा सोपा मार्ग होता.

टिळक उच्च न्यायालयात गेले. पुन्हा जिना त्यांच्या बाजूने होते. या वेळी ज्युरी नव्हती. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी सुटी वाक्ये बाजूला न काढता भाषणांचा एकूण परिणाम पाहिला. सनदशीर मार्गाने राज्यकारभारात बदल मागणे म्हणजे राजद्रोह होत नाही, या निष्कर्षाला येऊन त्यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हमीचा आदेश रद्द केला. कलम तेच होते. वाचण्याची पद्धत बदलली आणि टिळक सुटले.

सरकारकडे इतर मार्ग होतेच. १९१७ मध्ये युद्धकाळातील भारत संरक्षण कायद्याखाली टिळकांना पंजाब आणि दिल्लीत प्रवेशबंदी झाली. त्यासाठी न्यायालयात काही सिद्ध करावे लागले नाही.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात टिळकांचे निधन झाले. ज्या न्यायालयात त्यांना शिक्षा झाली, तिथेच १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या हस्ते त्यांच्या स्मृतिफलकाचे अनावरण झाले.

आज या कलमाची स्थिती काय आहे?

स्वातंत्र्यानंतरही १२४ अ कायम राहिले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादा घातली. हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच गुन्हा, केवळ कडक टीका गुन्हा नाही. ११ मे २०२२ रोजी न्यायालयाने या कलमाचा वापर स्थगित ठेवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात राजद्रोह हा शब्द नाही. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृतींसाठी कलम १५२ आहे.

शब्द बदलले तरी टिळकांच्या तीन खटल्यांतून पुढे आलेले प्रश्न जुने झालेले नाहीत. मजकूर कोणत्या भाषेत वाचला जातो, तो वाचणारा कोण आणि शब्दाचा अर्थ किती ताणला जातो, यावरच एका माणसाची सहा वर्षे किंवा त्याची सुटका अवलंबून राहिली. असे कलम वाचताना म्हणूनच त्यातल्या शिक्षेच्या आकड्याआधी त्यातील शब्दांच्या व्याख्या पाहाव्या लागतात.