बास्करव्हिल: फॉन्टसाठी कागदही बदलणारा माणूस

किंडलवर फॉन्ट बदलायला गेलात की यादीत बास्करव्हिल हे नाव दिसतं. अक्षरांच्या टोकांना छोटे पाय (यांनाच सेरिफ म्हणतात) आणि जुन्या पुस्तकाचा फील. हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मला तोंडावर आपटल्यावर कळलं.

झालं असं, की एका वाचनाच्या अ‍ॅपसाठी मी हा फॉन्ट निवडला. लॅपटॉपवर एक नंबर दिसत होता. मग स्वस्तातल्या फोनवर टेस्ट केलं, तर इंग्रजी स्मॉल ई मधली आडवी रेघ जवळपास गायब! दोष कुणाचा हे शोधताना हा माणूस भेटला.

जॉन बास्करव्हिल इंग्लंडमधल्या वूल्व्हर्लीचा. १७०७ च्या जानेवारीत त्याचा बाप्तिस्मा झाला. बर्मिंगहॅममध्ये तो सुलेखन शिकवायचा, दगडावर अक्षरं कोरायचा. पुढे चकचकीत रोगण चढवलेल्या वस्तूंच्या धंद्यात बक्कळ पैसा कमावला आणि १७५० च्या सुमारास तो अक्षरांत ओतायला लागला.

जाड आणि बारीक रेघांमधला ठळक फरक, मोकळी गोलाई ही त्याच्या टाइपची ओळख. मूळ ठसे कोरले जॉन हँडी या कारागिरानं. पण तेव्हाच्या खरखरीत कागदावर इतकी बारीक रेघ नीट उमटणार कशी? मग त्यानं शाई जास्त काळी केली. छापलेला कागद तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत केला. १७५७ मध्ये व्हर्जिलच्या काव्याचं त्याचं पहिलं पुस्तक आलं, त्यातली काही पानं तर नव्याच प्रकारच्या सपाट कागदावर होती.

लोक म्हणाले, या अक्षरांनी डोळे दुखतात. असाच एक टीकाकार बेंजामिन फ्रँकलिनला भेटला. फ्रँकलिननं त्याला कॅस्लनच्या टाइपचा नमुना बास्करव्हिलचा म्हणून दाखवला. गड्यानं त्यातही भराभर चुका काढल्या!

१७६३ मध्ये केंब्रिजसाठी छापलेलं देखणं बायबल मात्र फारसं खपलं नाही. १७७५ मध्ये तो वारला. बायको सारानं टाइप फ्रान्सच्या बोमार्शेला विकला, त्यातून व्होल्तेअरचं समग्र साहित्य छापलं गेलं. इंग्लंडमध्ये या अक्षरांना पुन्हा भाव आला तो थेट विसाव्या शतकात.

म्हणजे दोष फॉन्टचा नव्हता. त्यानं अक्षरांसाठी कागद बदलला, मी स्क्रीन न बघताच अक्षरं लावली. आता मी मोठ्या शीर्षकांना बास्करव्हिल ठेवतो. बारीक मजकुराला गूगल फॉन्ट्सवरचा मोफत लिब्रे बास्करव्हिल वापरतो, त्यात स्मॉल अक्षरं उंच आहेत आणि जाड-बारीक फरक थोडा कमी.

एक लक्षात ठेवा: त्यात देवनागरी नाही. मराठीसाठी वेगळा फॉन्ट स्वतः निवडा, नाहीतर फोन मनाला येईल तो लावेल. आणि एकदा तरी जुन्या, स्वस्त फोनवर बघाच.