पंच बर्ल टोलर

अमेरिकन फुटबॉल मी कधी पाहिलेला नाही. तिकडे म्हणे चेंडू हातात घेऊन धावतात! पण त्या खेळातील एका पंचाचे चरित्र मला आपलेसे वाटले.

बर्ल टोलर १९२८ साली मेम्फिसला जन्मले. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या त्यांच्या संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले. मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यासाठी मात्र अट पडली : टोलर व ऑली मॅटसन या दोघा कृष्णवर्णीयांना वगळून या. गोऱ्या सोबत्यांनीच नकार दिला. पैशाअभावी विद्यापीठाने पुढे तो संघच मोडला.

१९५२ साली टोलरांचा गुडघा कायमचा दुखावला. ते शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक. १९६५ साली राष्ट्रीय फुटबॉल लीगने त्यांना पंच नेमले. तेथील ते पहिले कृष्णवर्णीय पंच. लीगचे तेव्हाचे प्रमुख पीट रोझेल १९५१ साली त्याच संघाची प्रसिद्धी पाहत असत!

टोलर बाजूच्या रेषेवर उभे राहत. चेंडू खेळात येण्याआधी कोणी रेषा ओलांडली का, हे पाहायचे आणि दहा यार्डांची साखळी धरणाऱ्यांवर लक्ष ठेवायचे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझी चूक माझ्या एकट्याची राहत नाही, हे मला ठाऊक आहे. पंचाची तर साऱ्या मैदानाला दिसते. टोलर तेथे पंचवीस मोसम उभे राहिले. १९८० च्या सुपर बोलमध्येही ते पंच होते.

२००९ साली ते वारले. ज्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते, तिच्या वास्तूला २००६ सालीच त्यांचे नाव दिले गेले होते.