वॉशरएवढी पितळी चकती

जन्म ८ मार्च १९०९चा. म्हणजे अगदी आपल्या महिला दिनाचाच, बरं का! इंग्लंडमधल्या वॉटरलूव्हिल गावात एका खाटकाच्या घरी बिॲट्रिस शिलिंग जन्मली. चौदाव्या वर्षी या पोरीनं मोटरसायकल घेतली. शाळा संपल्यावर मार्गारेट पार्ट्रिज या इंजिनिअर बाईंकडे ती विजेची कामं करू लागली, आणि त्यांनीच तिला पुढे शिकायला लावलं. मँचेस्टरला पदवी घेऊन १९३६ मध्ये ती फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत लागली.

१९४० साली जर्मन विमानं ब्रिटनवर चालून आली. त्यांना अडवणाऱ्या स्पिटफायर आणि हरिकेनच्या इंजिनात एक भलतीच खोड होती. शत्रूमागे नाक खाली करून झेपावलं, की इंजिनच बंद! जर्मन इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई, त्यामुळे ती खुशाल सूर मारून निसटत.

आपल्या गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तसाच तरंगता फ्लोट या विमानांच्या कार्ब्युरेटरमध्ये होता. नाक एकदम खाली गेलं की पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन क्षणभर उपाशी राहायचं. ते एक वेळ परवडलं. पण मग फ्लोटचं गणित उलटं होऊन झडप सताड उघडायची, पंप पेट्रोल ओततच राहायचा आणि इंजिन काळा धूर ओकत गुदमरायचं. जीव जायचा तो इथे.

बिॲट्रिसनं हा दुसरा आजार धरला. इंजिन पूर्ण जोरात असताना जास्तीत जास्त किती पेट्रोल पितं, याचा हिशेब करून तेवढंच जाऊ देणारं भोक असलेली पितळी चकती तिनं पेट्रोलच्या नळीत बसवली. दिसायला साधा वॉशर! शिवाय ती बसवायला विमान लढाईतून काढून घ्यावं लागत नव्हतं. मग मोजकी माणसं घेऊन बाई तळातळांवर फिरल्या, स्वतःच्या नॉर्टन मोटरसायकलवरून! मार्च १९४१ पर्यंत सगळ्या लढाऊ तुकड्यांत चकत्या बसल्या.

दुखणं मुळापासून गेलं नव्हतं. विमान उलटं करून फार वेळ उडवता येत नसे. त्यासाठी १९४३ मध्ये नव्या धर्तीचा कार्ब्युरेटर यावा लागला. तोवरची दोन वर्षं वैमानिकांनी या चकतीच्या भरवशावर काढली.

नवरा जॉर्ज नेलर हाही त्याच संस्थेतला, पुढे बॉम्बर विमानाचा वैमानिक. युद्धानंतर दोघं मिळून मोटारींच्या शर्यतीत उतरायचे. १९६९ पर्यंत नोकरी करून बिॲट्रिस निवृत्त झाली आणि १९९० मध्ये वारली.