विश्लेषण : ७५ रुपयांचे प्राध्यापक आणि पैशांवर अडलेले शाळांचे विधेयक

शिक्षक पगारासाठी आंदोलन करतात, सरकार तिजोरीकडे बोट दाखवते. हे दृश्य आझाद मैदानाच्याही आधीचे आहे. या वादाची दोन्ही टोके ज्यांनी अनुभवली, ते गोपाळ कृष्ण गोखले. आधी तुटपुंज्या पगारावरचे शिक्षक आणि नंतर सरकारकडे शाळांसाठी पैसे मागणारे लोकप्रतिनिधी.

शिक्षण कोणाच्या पैशांवर झाले?

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. ते १३ वर्षांचे असताना वडील गेले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागलला १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते धाकट्याला पाठवू लागले. म्हणजे अर्ध्याहून अधिक पगार. १८८४ मध्ये गोखले बी. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक म्हणून लागले. भावाचे उपकार डोक्यावर असताना अधिक पगाराची सरकारी नोकरी शोधणे कोणालाही गैर वाटले नसते. त्यांनी मात्र डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व घेतले. अट अशी, की ७५ रुपये पगारावर २० वर्षे सेवा द्यायची.

टिळकांशी वाद नेमका कशावरून?

टिळक-आगरकर वाद म्हटले की सामाजिक सुधारणा आठवतात. पण सोसायटीत ठिणगी पडली ती पगाराच्या मुद्द्यावर. आजीव सदस्यांनी जेसुइट पाद्र्यांप्रमाणे गरजेपुरतेच घ्यावे, बाहेरची कामे करू नयेत आणि केल्यास कमाई संस्थेला द्यावी, ही टिळकांची भूमिका. आगरकर आणि त्यांच्या बाजूच्या सदस्यांना ती मान्य नव्हती. संसार वाढतो, खर्च वाढतो. पगार वाढत नसेल तर शिकवून उरलेला वेळ ज्याचा त्याचा, असे त्यांचे म्हणणे. १८९० मध्ये गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि वाद टोकाला गेला. त्याच वर्षी टिळक संस्थेतून बाहेर पडले.

यात एक बाजू त्यागाची आणि दुसरी स्वार्थाची, असे चित्र रंगवणे सोपे आहे. ते खरे नाही. कमी पगाराचा त्याग स्वेच्छेने केला तर व्रत ठरतो आणि नियम करून लादला तर संस्थेची काटकसर ठरतो. भांडण या सीमारेषेवरचे होते. गोखले स्वतः १९०२ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले आणि सुट्ट्यांत संस्थेसाठी निधी गोळा करत फिरले.

मग विधेयक का पडले?

१९०२ मध्ये ते केंद्रीय कायदेमंडळात गेले. त्या काळी देशात शंभरातल्या जेमतेम सहा जणांना लिहिता-वाचता येत होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होते. संस्थानाला जमते ते साम्राज्याला का नाही, हा गोखले यांचा सवाल. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक मांडले. ते मवाळच होते. सक्ती फक्त ६ ते १० वयाच्या मुलांवर, तीही नगरपालिका किंवा लोकल बोर्डाला हवी असेल आणि सरकारची परवानगी असेल तरच. मासिक १० रुपयांहून कमी उत्पन्नाच्या पालकांना फी माफ. खर्चाचा एक वाटा स्थानिक संस्थेचा आणि दोन वाटे सरकारचे. स्थानिक संस्थेला त्यासाठी शिक्षणपट्टी बसवण्याची मुभा.

गाडी अडली ती याच दोन वाट्यांवर. सरकारने पैसा नाही, लोकांची तयारी नाही, प्रशिक्षित शिक्षक नाहीत, अशी कारणे पुढे केली. जमीनदारांचाही विरोध होता. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात शिक्षणासाठी ५० लाख रुपये जाहीर झाले, पण सक्तीला सरकार राजी नव्हते. मार्च १९१२ मध्ये विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळला गेला.

गोखले यांच्या मांडणीतही एक कच्चा दुवा होता. आधी निरक्षरता हटवा, शिक्षणाचा दर्जा नंतर पाहू, असे त्यांचे म्हणणे. वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला किती द्यायचे, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. जो माणूस स्वतः १८ वर्षे खडू घेऊन उभा राहिला, त्याच्याकडून हे घडावे, हे जरा खटकते.

पुढे काय झाले?

फेब्रुवारी १९१३ मध्ये सरकारने शिक्षणविषयक ठराव काढला. सक्ती नाकारली, पण प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये मिळावेत, असे त्यात म्हटले. गोविंदरावांना सुमारे तीन दशकांपूर्वी कागलमध्ये १५ रुपये मिळत होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी गोखले गेले. तीन वर्षांनी वल्लभभाईंचे थोरले बंधू विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून मुंबई प्रांतात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. तो नगरपालिकांपुरता होता आणि सक्ती हवी तर पालिकेने कर वाढवावा, ही सोय त्यात होती.