अनवाणी पावलांना ऑलिंपिकची वाट दाखवणारे सर दोराबजी टाटा



दिवाळी सरली की आपल्या निलंगा भागात पहाटेचा गारवा वाढतो. हरभऱ्याच्या शेतावर धुकं उतरतं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली अंधारातच रस्त्यावर पळू लागतात आणि शाळेत क्रीडा स्पर्धांसाठी नावनोंदणी सुरू होते. या नावनोंदणीत एक गोष्ट दरवर्षी घडते, बरं का. चांगली पळणारी काही मुलं नावच देत नाहीत. कारण विचारलं की खाली बघतात. खरं कारण एवढंच असतं, की पळायचे बूट नसतात.

अशा प्रत्येक मुला-मुलीला आज एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. त्याच्या घरी कशाचीच कमी नव्हती, पण अनवाणी पळणारी मुलं पाहून त्याला ऑलिंपिक आठवलं. तो माणूस म्हणजे सर दोराबजी टाटा.

बालपण आणि शिक्षण

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. उद्योगपती जमशेटजी टाटा आणि हिराबाई यांचे ते थोरले चिरंजीव. मुंबईतल्या शाळेनंतर ते इंग्लंडला गेले आणि १८७७ मध्ये केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. तिथे अभ्यासाबरोबर त्यांनी क्रिकेट आणि फुटबॉलही गाजवलं. खेळ नियमाने खेळायचा असतो, त्याचा सराव करायचा असतो, वेळ मोजून नोंदवायची असते, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. १८७९ मध्ये ते परत आले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाले.

१९०४ मध्ये जमशेटजी वारले. त्यांची अपुरी राहिलेली स्वप्नं मुलाच्या खांद्यावर आली. १९०७ मध्ये पोलाद कंपनी स्थापन झाली. सह्याद्रीत पडणारं पावसाचं पाणी अडवून खोपोलीला वीज तयार होऊ लागली. बंगळुरूची विज्ञान संस्था उभी राहिली. एवढा व्याप असूनही खेळाची ओढ काही सुटली नाही.

पुण्यात काय दिसलं?

पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली सुरू झाला. दोराबजी त्याचे अध्यक्ष होते. १९१९ च्या सुमारास ते तिथल्या मैदानी स्पर्धांना हजर होते. मंडळींचा उत्साह दांडगा होता, पण अशा स्पर्धा कशा घ्यायच्या याचे बारकावे फारसे कुणाला ठाऊक नव्हते. मुख्य शर्यत होती सुमारे २५ मैलांची, म्हणजे जवळपास ४० किलोमीटरची. ती पुण्याच्या रस्त्यांवरूनच होती.

धावणारे कोण? शेतकऱ्यांची पोरं! कुणी अनवाणी, कुणाच्या पायात गावठी चपला. त्यांना पळायला कुणी शिकवलेलं नव्हतं. बघणारा दुसरा एखादा असता, तर कौतुकाने टाळ्या वाजवून घरी गेला असता. दोराबजींनी घड्याळाकडे पाहिलं. या मुलांनी घेतलेला वेळ तसा चांगलाच होता. मग त्यांच्या मनात विचार आला, की ही मुलं शिकवणीशिवाय एवढं पळतात, तर शिकवणी मिळाल्यावर किती पळतील?

इथे नीट लक्ष द्या. पायात बूट नाहीत याची त्यांनी कीव केली नाही. अनवाणी पळणं म्हणजे काही चमत्कार, असंही मानलं नाही. मुलांना सराव, नियमांची माहिती आणि संधी मिळालेली नाही, हे त्यांनी ओळखलं.

अँटवर्पचा पाऊस

मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्याकडे दोराबजींनी शब्द टाकला, ब्रिटिश ऑलिंपिक समितीची मदत मिळवली, आणि खर्चासाठी स्वतःच्या पैशाची मोठी भर घातली. अशा रीतीने १९२० मध्ये भारताचा पहिला संघ बोटीने ऑलिंपिकला निघाला. संघ छोटासाच होता, काही धावपटू आणि दोन मल्ल. मॅरेथॉनसाठी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार निवडले गेले होते.

बेल्जियममधलं अँटवर्प शहर तेव्हा पहिल्या महायुद्धातून नुकतंच सावरत होतं. २२ ऑगस्ट १९२० ला मॅरेथॉन झाली. हवा गार, त्यात पाऊस. आपल्याकडच्या उन्हात वाढलेल्या पायांना हे सगळं नवीन होतं. अंतर होतं ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षाही अर्धा किलोमीटर जास्त. ४८ जण सुटले. त्यांतल्या अनेकांनी मध्येच शर्यत सोडली, दातारांनाही ती पूर्ण करता आली नाही. चौगुले मात्र शेवटपर्यंत पळाले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद घेऊन ते १९ वे आले. फिनलंडचे हान्नेस कोलेहमायनेन जिंकले, ते चौगुल्यांच्या सुमारे १८ मिनिटं पुढे होते. याच स्पर्धेत कुस्तीपटू रणधीर शिंदे चौथे आले.

पदक नाही मिळालं. तुम्ही म्हणाल, मग यात मोठं काय? मोठं हे, की आपली माणसं जगाच्या मैदानात उतरू शकतात हे सिद्ध झालं. दोराबजी तिथेच थांबले नाहीत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या संघामागेही ते उभे राहिले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच. पुढच्याच वर्षी अॅमस्टरडॅमला भारताने हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं.

शेवटची वर्षं

१९२४ च्या सुमारास पोलाद कंपनी बुडण्याच्या बेतात होती. तेव्हा दोराबजींनी आपली मालमत्ता गहाण टाकली, त्यात पत्नी मेहेरबाईंचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता. कंपनी वाचली. १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींना मूलबाळ नव्हतं. त्यांनी आपली संपत्ती सार्वजनिक ट्रस्टला देऊन टाकली. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी ते इंग्लंडला निघाले होते. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं, ते याच ट्रस्टच्या पैशातून.

आता आपल्या पायांविषयी

१९६० मध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी पळून जिंकली, तीही विश्वविक्रमासह. १९६४ मध्ये टोकियोला ते बूट घालून पळाले आणि पुन्हा जिंकले. यावरून काय ते समजून घ्या! अनवाणी पळणारा बहुतेक वेळा टाच आपटत नाही, पावलाच्या पुढच्या भागावर हलका उतरतो, त्यामुळे जमिनीचा दणका कमी बसतो. पण थंडीत थोडी काळजी हवीच.

गारठ्यात पावलांकडे रक्त कमी जातं आणि पाय बधिर होतात. मग सराटा किंवा बाभळीचा काटा रुतला तरी पटकन कळत नाही. म्हणून अंधारात अनवाणी पळू नका, ऊन पडू द्या. आधी दहा मिनिटं भरभर चाला. साफ केलेलं मातीचं मैदान निवडा, डांबरी रस्ता आणि ज्वारीचे सड टाळा. सवय नसेल तर सुरुवातीला अगदी थोडं पळा, नाहीतर पोटऱ्या धरतात. पातळ तळाचे कॅनव्हास बूट वापरायचे असतील तरी हाच नियम. पळून झाल्यावर पाय धुऊन तळवे तपासा, भेगांना रात्री खोबरेल तेल लावा. जखम असेल तर सुट्टी घ्या. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे ना, हे घरी विचारा.

उपक्रम

येत्या रविवारी गावातल्या किंवा गल्लीतल्या तीन मित्र-मैत्रिणींना मैदानावर न्या. त्यांत निदान एक जण असा असू द्या, ज्याने बुटांपायी स्पर्धेत नाव दिलेलं नाही. ४०० मीटर अंतर मोजा, मोबाईलवर वेळ लावा, वहीत नाव आणि वेळ लिहा. सोमवारी ती वही खेळाच्या सरांच्या किंवा मॅडमच्या हातात द्या. बुटांचं काय करायचं ते मग मोठी माणसं बघतील.